बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज: मूळ कल्पना काय होती आणि आज त्यातले काय उरले आहे?

प्रश्न | नेरूळवासी

नमस्कार. गेली अकरा वर्षे आम्ही नेरूळला सातव्या मजल्यावर राहतो. आई आता आमच्याकडे कायमची यायची आहे. ठाण्याला चरईतल्या बैठ्या घरात तिची पंचेचाळीस वर्षे गेली असल्यामुळे तिने एकच अट घातली आहे, की दार उघडल्यावर जमीन दिसली पाहिजे. त्या शोधात मागच्या रविवारी सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक घर पाहून आलो.

एजंटाने ‘रो हाऊस’ असे सांगितले होते, पण तिथे घरांची रांग अशी नव्हतीच. एका अरुंद वाटेने आत शिरल्यावर लहानसा चौक लागला आणि त्याच्याभोवती सात दारे. सातांपैकी एकच घर अजून कौलारू होते, पांढऱ्या भिंतींचे आणि लाकडी कठड्याचे. बाकी सहांवर स्लॅब पडलेले, त्यांतली दोन तर तीन मजली, आणि एकाच्या दर्शनी भागाला काळ्या काचा लावलेल्या. चौकाच्या मधोमध एक मोटार उभी होती आणि तिच्या बॉनेटवर कोणीतरी सुपात मिरच्या वाळत घातल्या होत्या. आईने मोटारीकडे पाहिलेच नाही. मिरच्या संकेश्वरी आहेत की ब्याडगी, एवढेच तिने विचारले.

घरी येऊन या वसाहतीविषयी वाचले, तेव्हा लक्षात आले की जगभरातले वास्तुकलेचे विद्यार्थी ती पाहायला येतात. त्यांच्या पुस्तकांतली छायाचित्रे आणि मी पाहिलेला चौक यांचा मेळ मात्र बसेना. म्हणून जाणकारांना विचारते, की ही घरे अशी बदलतील हे मूळ आराखड्यात गृहीत होते, की रहिवाशांनी आराखडा मोडून हे केले? आणि आज तिथे राहणाऱ्यांचा अनुभव कसा आहे, विशेषतः पावसाळ्यातला आणि शेजाराचा? किंमत किंवा गुंतवणूक हा माझा प्रश्न नाही. आईला जिथे न्यायचे ती जागा नेमकी कशी घडली, हे समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १ | आराखडा

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. या वसाहतीविषयीची चर्चा बहुधा ‘लोकांनी वाट लावली’ या एका वाक्यात संपते, आणि ते वाक्य अर्धवट आहे. मी वास्तुकला शिकवत असे आणि विद्यार्थ्यांना घेऊन तिथे अनेकदा गेलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, याबद्दल क्षमस्व.

मुंबई बेटावरची वाढ उत्तरेकडे लांबत जाण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेला वळवावी, ही कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. मार्च १९७० मध्ये हे नवे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि कोरिया पहिली काही वर्षे तिचे मुख्य वास्तुविशारद होते. १९७३ मध्ये खाडीवरचा पूल झाला, आधी वाशी वसली, आणि बेलापूरला नव्या शहराचे मध्यवर्ती व्यापारी केंद्र करायचे ठरले. आज आपण पत्त्यात सवयीने लिहितो ती ‘सीबीडी’ ही अक्षरे त्या बेताची आहेत. आर्टिस्ट व्हिलेजही कोरियांनीच आखले, मात्र ते त्यांनी पद सोडल्यानंतर बरेच पुढचे, १९८३ ते १९८६ या काळातले. त्याच १९८३ साली मुंबईत कंबाला हिलवर त्यांचीच कांचनजंगा ही उंच इमारत पूर्ण झाली होती. म्हणजे उंच बांधता येत नव्हते म्हणून त्यांनी बेलापूरला बैठी घरे आखली, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

आता नकाशाकडे येऊ. साडेपाच ते सहा हेक्टर जागेत साधारण ५५० कुटुंबे, म्हणजे हेक्टरी शंभरच्या आसपास घरे, आणि तीही एकमजली किंवा फार तर दुमजली. आपण पाहिलेला सात दारांचा चौक हा या रचनेचा मूळ घटक असून तो ८ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. असे तीन चौक, म्हणजे एकवीस घरे, १२ मीटरच्या मोठ्या चौकाभोवती येतात, आणि एकवीस घरांचे तीन समूह पुन्हा २० मीटरच्या मोकळ्या जागेभोवती गुंफलेले आहेत. माणूस घराच्या अंगणातून सात घरांच्या चौकात, तिथून एकवीस घरांच्या आणि मग त्रेसष्ट घरांच्या जागेत जातो; ओळखीपासून अनोळखीपर्यंत तो पायऱ्या उतरतो आणि दार उघडताच रस्त्यावर फेकला जात नाही. पारसिकच्या टेकडीकडून उतरणारा ओढाही बुजवला नाही. पावसाचे पाणी वाहून नेणारी वाट म्हणून त्याला वसाहतीच्या मधून तसेच जाऊ दिले.

माझ्या मते या आराखड्यातली सर्वांत धीट गोष्ट भूखंडांच्या आकारात आहे. घरे निरनिराळ्या उत्पन्नगटांसाठी होती आणि त्यांच्या किमतींत मोठे अंतर होते, परंतु भूखंड मात्र ४५ चौरस मीटरपासून सत्तरेक चौरस मीटरपर्यंतच ठेवले गेले. एका खोलीचे घर घेणाऱ्यालाही जमीन जवळजवळ तेवढीच मिळाली, कारण खोली पुढे वाढवता येते, पण जमीन कोणालाच वाढवता येत नाही. वाढ सोपी व्हावी म्हणून दोन घरांना सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे आपली भिंत पाडताना किंवा उचलताना शेजाऱ्याची परवानगी काढायला नको. स्वच्छतागृहे मात्र जोडीने ठेवली, जेणेकरून नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचा खर्च वाचावा. भिंती, कौले, लाकडी कठडे हे सारे कोणत्याही गावच्या गवंड्याला आणि सुताराला जमणारे होते आणि पुढचे काम त्यांच्याकडूनच व्हावे अशी अपेक्षा होती. मोकळ्या आकाशाखालच्या जागेला कोरिया खोलीइतकेच मोल देत. आपल्या हवेत वर्षातले कितीतरी महिने स्वयंपाक, अभ्यास, झोप यांतले बरेचसे अंगणात किंवा गच्चीवर होऊ शकते आणि ती जागा बांधावी लागत नाही, हा त्यांचा हिशेब होता.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की बदल अभिप्रेत होते, नव्हे, त्यांच्यासाठीच हे घर आखले होते. काळ्या काचा पाहून मला आनंद होत नाही, पण त्या लावण्याचा अधिकार मालकाला असावा, असे आखणाऱ्यानेच ठरवले होते.

जे अभिप्रेत नव्हते ते वेगळे आहे. खोलीला खोली जोडत जाणारी वाढ सोडून, मूळ घर पायासकट पाडून तीन मजली आरसीसी उभे करणे, ही त्या कल्पनेतली वाढ नव्हे. याचा परिणाम कागदावर काढून पाहता येतो. डिसेंबरात भर दुपारी बेलापूरला सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. चौकाच्या दक्षिणेचे घर सहा मीटर उंच असेल तर त्याची सावली साडेपाच मीटर पडते आणि आठ मीटरच्या चौकात ऊन उरते. तेच घर दहा मीटर झाले की सावली नऊ मीटरांच्या वर जाते, म्हणजे हिवाळ्यात तो चौक दुपारीही पूर्ण सावलीत. एकाने उंची वाढवली की उरलेल्या सहांचे ऊन जाते, आणि या व्यवहारात त्यांना कोणी विचारत नाही.

असे का झाले, याचे कारण माणसांच्या हावेत शोधण्यापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकात शोधावे. १९९२ मध्ये गाडी मानखुर्दहून वाशीला आली, पुढच्या वर्षी बेलापूरला पोहोचली, आणि ज्या घरांकडे लांब पडते म्हणून कोणी पाहत नव्हते त्यांच्या जमिनीला भाव आला. मग एक खोली घेऊन दुसरी हळूहळू बांधणारा मालक विकून गेला आणि सगळे एकदम बांधण्याची ऐपत असलेला मालक आला. हप्त्याहप्त्याने वाढणारे घर ज्याच्यासाठी आखले होते तो माणूसच तिथे राहिला नाही.

प्रतिसाद २ | चौकातली

मी १९८७ पासून इथे राहते. वरचा प्रतिसाद मन लावून वाचला. सावलीचे गणित अगदी खरे आहे. आमच्या चौकात तुळस दोनदा मेली, तेव्हा ते आम्हाला आकडेमोड न करताच कळले.

तरीही एका बाबतीत थोडे वेगळे सांगायचे आहे. कौले गेली ती भावापायी, असे वाचणाऱ्याला वाटेल, पण आमच्या घराची कौले माकडांपायी गेली. टेकडी इतकी जवळ आहे की उन्हाळ्यात टोळी उतरते आणि या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत जाते. मे महिन्यात घर शाकारून घ्यावे, दोन-तीनशे कौले बदलावीत, आणि जूनच्या पहिल्या सरीच्या आधी पुन्हा पाच-पंचवीस फुटलेली निघावीत. सुरुवातीला कौले चढवणारे कसबी गडी मिळत. नंतर त्यांनी वय झाले म्हणून काम सोडले आणि त्यांची मुले काही त्या कामात आली नाहीत. वाशांना वाळवी लागली, रिपा कुजल्या. एका जुलैमध्ये माझ्या सासूबाईंच्या अंथरुणाभोवती पाच पातेली मांडलेली होती आणि त्या रात्रभर कोणत्या पातेल्यातला आवाज जड झाला ते ऐकून मला उठवत होत्या. त्यानंतरच्या दिवाळीत आम्ही स्लॅब टाकला. पुस्तकातले घर मोडले याचे वाईट वाटायला तेव्हा उसंत नव्हती.

भिंती सामाईक नाहीत ही खरोखरच मोठी सोय, पण तिची एक खोड आहे. दोन भिंतींच्या मधे बोटभर फट असते. दोन्ही घरे सारख्या उंचीची कौलारू होती तोवर तिच्यावर छपराची पाखे येत. एकाने उंच बांधले आणि दुसरा खाली राहिला, की पाऊस नेमका त्या फटीत उतरतो आणि दोघांच्याही भिंती आतून ओल धरतात. बाहेरून कितीही गिलावा करा, उपयोग होत नाही. फटीच्या तोंडावर वरून पत्र्याची पन्हळ बसवावी लागते, आणि ती बसवायला दोन्ही घरांनी एकाच आठवड्यात राजी व्हावे लागते. तीच गोष्ट जोडस्वच्छतागृहांची. आमची वाहिनी तुंबली की शेजारच्यांची तुंबते, त्यामुळे दोन घरांत अबोला असला तरी तो महिनाभराहून जास्त टिकत नाही.

शेजाराविषयी विचारले आहे, म्हणून चौकाचे सांगते. सात हा आकडा कोणी विचारपूर्वक काढला असेल तर त्या माणसाला घरसंसार माहीत होता, असे मी नेहमी म्हणते. सात घरांत कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा दिवा रात्री दोनला जळतो आहे, हे न विचारता कळते. चाळीतल्यासारखी चाळीस बिऱ्हाडे नसतात, त्यामुळे त्याचा जाचही होत नाही. नवी मुंबईत तेव्हा कोणाचेच माहेर जवळ नव्हते. माझ्या धाकट्या मुलीचे पहिले पाऊल या चौकात पडले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ते पाहिले समोरच्या मल्याळी ताईंनी, आणि आजही ती गोष्ट मला त्याच सांगतात. नावावरून इथे सगळे कलावंतच राहतात असे बाहेरच्यांना वाटते. चित्रकार, मूर्तिकार होते आणि आहेतही, पण आमच्या सातांत दोघे सरकारी कचेरीत, एक शिक्षिका, एक बँकेत आणि एकांचे शिवणकाम घरातच चाले.

आज सातांपैकी तीन घरे मूळ मालकांची आहेत. दोन भाड्याने दिलेली असून भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात, त्यांच्याशी ओळख होईपर्यंत टेम्पो येतो. चौक आखताना दारात मोटार येईल असे धरलेले नव्हते. आज सात घरांच्या मिळून नऊ मोटारी आहेत. आमच्या चौकात त्यावरून दोन वर्षे भांडण झाले आणि शेवटी दुचाकी आत, चारचाकी बाहेरच्या रस्त्यावर, असे ठरले. प्रत्येक चौकात असे ठरलेले नाही. आपण पाहिलेल्या चौकात ठरलेले नसावे.

पावसाळा सोपा नाही. ओढा जूनपर्यंत कोरडा असतो, कोणी त्यात पिशव्याही टाकतात, आणि एका रात्रीत तो असा वाहू लागतो की खिडकीशी बसून बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. फरशीवर शेवाळ धरते, वयस्कर माणसांना ते जपावे लागते. सापही निघतात. हे सांगितले नाही तर आपल्या आईंशी अप्रामाणिकपणा होईल.

प्रतिसाद ३ | मूळ_बेलापूरकर

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मात्र दोन्हींमध्ये या जागेचा इतिहास १९६५ साली एका नियतकालिकात सुरू होतो आणि १९८३ साली जमिनीवर उतरतो. मधली अठरा वर्षे जमीन कोणाची होती, हे विचारल्याशिवाय परिसराचा इतिहास पुरा होत नाही, म्हणून लिहितो.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. आमच्या पट्ट्यात भातशेती होती, खाडीकडे मिठागरे आणि मासेमारी. शहाबाज, आग्रोळी, दिवाळे, करावे ही नावे आज बसथांब्यांवर दिसतात, पण ती गावे आहेत आणि त्यांचे देव, त्यांच्या यात्रा अजून चालू आहेत. आग्रोळीला एक गाव एक गणपती ही प्रथा शहर यायच्या आधीपासून पाळली जाते. भाव आणि मोबदला यांवरून चाललेला संघर्ष दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये शिगेला पोहोचला आणि १६ व १७ जानेवारीच्या गोळीबारांत पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. आर्टिस्ट व्हिलेजचे काम त्याच वर्षांत चालू होते, ही तारखांची शेजारशेजारची नोंद मला कोणत्याच वास्तुकलेच्या लेखात आढळली नाही.

पण मला खरे बोलायचे आहे ते घर वाढवण्याविषयी. ‘आराखडा’ यांनी लिहिले, की खोलीला खोली जोडत जाणारे घर ही या वसाहतीची मोठी कल्पना. ती मोठी आहेच. आमच्या गावठाणातले घर पिढ्यानपिढ्या असेच वाढत आले. आधी ओटी आणि माजघर, मग मागे पडवी, थोरल्याचे लग्न ठरले की वर माडी, भाऊ वेगळे निघाले की मधे भिंत आणि अंगणाला दुसरे दार. अंगण मात्र एकच राहायचे, कारण भात झोडायला, जाळी पसरायला आणि लग्नाचा मांडव घालायला ते सगळ्यांनाच लागायचे. यासाठी नकाशा नव्हता. काका, गवंडी आणि खुंट्यांना बांधलेली दोरी एवढ्यावर काम व्हायचे.

भोवतीची शेती गेली आणि गावठाणाची हद्द जिथल्या तिथे राहिली, तेव्हा तेच वाढणारे घर हद्दीबाहेर पडले आणि कागदावर त्याचे नाव ‘अनधिकृत’ झाले. पुढे त्याला ‘गरजेपोटी बांधलेले घर’ असा शब्द आला. आमच्या घरी एका कार्यालयाची पहिली नोटीस आली ती माझ्या धाकट्या चुलत्याच्या दोन खोल्यांसाठी, आणि त्याच हिवाळ्यात परदेशी विद्यार्थ्यांची एक बस गावातून वाट विचारत वर टेकडीकडे गेली होती. त्यांना टप्प्याटप्प्याने वाढणारी घरे पाहायची होती. चुलत्यांनी त्यांना रस्ता दाखवला.

आर्टिस्ट व्हिलेजवर माझा राग नाही. उलट या शहरात आमच्या घरांच्या सर्वांत जवळ जाणारी वस्ती तीच आहे. फक्त तिथे तिसरा मजला चढला तर ‘मूळ संकल्पनेचा ऱ्हास’ म्हणतात आणि आमच्याकडे चढला तर ‘अतिक्रमण’ म्हणतात. कोणता शब्द कोणाला मिळतो, तेवढे वाचकांनी पाहावे.

प्रतिसाद ४ | आराखडा

‘मूळ_बेलापूरकर’ यांचा आक्षेप मान्य आहे. मी पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना त्या टेकडीखाली घेऊन गेलो आणि गावातून जाताना बस एकदाही थांबवली नाही, हे कबूल करायला हवे. कोरियांच्या बाजूने एवढेच म्हणेन, की कौलारू छप्पर, अंगण, जोडत जाण्याची रीत हे आपण नव्याने शोधले, असा त्यांचा दावा नव्हता. साबरमतीच्या आश्रमातले १९६३ चे गांधी स्मारक संग्रहालय पाहिले तरी दिसते, की लहान एकके आणि त्यांमधले चौक ही भाषा त्यांनी गावांकडून घेतली होती. शहर वसवताना ती भाषा ज्यांच्याकडून घेतली त्यांनाच ती बोलायला परवानगी लागावी, ही विसंगती आराखड्याच्या पातळीवर सुटणारी नव्हती, आणि सुटली नाही.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. तिसऱ्या मजल्याला दोन्हीकडे वेगळे शब्द मिळतात हे खरे, तरी नुकसान दोन्हीकडे एकाच प्रकारचे होते, ते चौकाचे आणि अंगणाचे. गावठाणातही आज दोन घरांमधून हात पसरून जाता येत नाही, अशा गल्ल्या झाल्या आहेत. आग लागली तर बंब आत येणार नाही.

प्रतिसाद ५ | मूळ_बेलापूरकर

गल्ल्यांविषयीचे म्हणणे खरे आहे. हद्द वाढली असती तर घरे अंगावर चढली नसती, एवढे त्यात जोडून वाचावे.

प्रतिसाद ६ | नेरूळवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका घराविषयी विचारायला आले होते आणि गावाचा हिशेब हाती आला; तो आधी ठाऊक नव्हता याची थोडी लाजही वाटली, कारण करावे गाव आमच्या नेरूळच्या खिडकीतून दिसते.

आता नेमके विचारते. मी पाहिलेल्या चौकातले कौलारू घर विकायचे नाही. विकायचे आहे ते त्याला लागूनचे, एक मजला आणि वर गच्ची असलेले. कौलारू घर आमच्या उत्तरेला येते आणि दक्षिणेला तीन मजली आहे. ‘चौकातली’ ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर आणखी काय पाहिले असते?

प्रतिसाद ७ | चौकातली

दक्षिणेला तीन मजली आहे, म्हणजे हिवाळ्यातले ऊन गेलेच आहे, असे समजून चला. आईंना ऊन हवे असेल तर ते गच्चीवर मिळेल, म्हणून जिना आधी पाहा. इथले जुने जिने अरुंद आणि चढे आहेत. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपतात का, हे त्यांनाच चढवून पाहा, आपण अंदाज करू नये.

लागूनच्या दोन्ही घरांशी असलेल्या भिंतींना आतून, जमिनीपासून हातभर उंचीवर, तळवा लावून पाहा. रंग नवा असेल तर कपाटामागे पाहा; विकणारे कपाटामागे रंग देत नाहीत. स्वच्छतागृहाची वाहिनी कोणत्या घराशी जोडलेली आहे ते विचारा आणि त्या घरात मालक राहतो की भाडेकरू, हेही विचारा. कागदपत्रांत भाडेपट्टा करार, हस्तांतरणाची नोंद आणि वरच्या मजल्याला घेतलेली परवानगी, हे तिन्ही वकिलाला दाखवा. जमीन इथे मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली होती आणि वरचे बांधकाम कोणी, केव्हा केले, याची स्मृती चौकात असली तरी कागदात असेलच असे नाही.

आणि रविवारी जाऊ नका. रविवारी सगळ्यांच्या मोटारी घरी असतात, त्यामुळे चौक दिसत नाही. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आईंना घेऊन या आणि अर्धा तास नुसत्या ओट्यावर बसवा. चहा माझ्याकडे घ्या, आमचा चौक तिथून दोन वाटा सोडून आहे.

प्रतिसाद ८ | नेरूळवासी

काल, बुधवारी, जाऊन आलो. मोटार नव्हती. जिना आई चढली, उतरताना मात्र माझा हात धरला. दक्षिणेकडच्या भिंतीला कपाटामागे ओल लागली. उत्तरेकडची कोरडी आहे. कौलारू घरातल्या आजोबांनी सांगितले, की वरचा मजला चढला तेव्हा फटीवर पन्हळ बसवायचे बोलणे झाले होते, पण तेव्हाचे मालक घर विकून गेले आणि ते तसेच राहिले. आजोबा खर्चाचा अर्धा वाटा द्यायला तयार आहेत. तीन मजली घराचे मालक परगावी असतात. त्यांचा दूरध्वनी क्रमांक आजोबांकडे आहे, तो घेतला आहे. वकिलांना कागद दाखवायचे बाकी आहे.

मिरच्या संकेश्वरीच होत्या. आईने त्या वाळत घालणाऱ्या बाईंकडून पाव किलो घेऊनही आणल्या.